युनिव्हर्सिटीतल्या जागा आणि छाननीचं टेबल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पिंपळगाव बसवंतच्या, नाशिकला एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, भाऊ बी.एस्सी. होऊन वर्षभर घरी बसलाय, आणि तुम्ही विचारलंय की युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना शिकता शिकता काही काम मिळतं का, स्टाफच्या जागा कुठे आणि कशा निघतात, आणि शेवटी "वशिला नसेल तर फॉर्म भरण्यात अर्थ आहे का". हा तिसरा प्रश्नच खरा, पहिले दोन जाता जाता विचारलेत हे मला कळलं.

मी ३१ वर्षं आस्थापना विभागात, म्हणजे स्टाफची भरती आणि नोकरीचे कागद बघणाऱ्या विभागात काढली. लिपिक-टंकलेखक म्हणून चिकटलो आणि कक्षाधिकारी म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी नाशिकमध्येच. कुठे ते सांगत नाही, तिथे अजून माझ्या हाताखाली शिकलेली पोरं बसतात. पण भरतीच्या अर्जांची छाननी इतक्या वेळा केलीये की अजून स्वप्नात शेऱ्याचा कॉलम दिसतो. उत्तर लांबणार आहे, चहा ठेवा.

आधी हे बघा की नाशिकमध्ये "युनिव्हर्सिटी" म्हणजे नेमकी कोणती. गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ चं, पण ते मुक्त असल्यामुळे त्याचे विद्यार्थी राज्यभर अभ्यासकेंद्रांवर पसरलेले, गोवर्धनच्या कॅम्पसवर रोज लेक्चरला येणारी गर्दी तुम्हाला दिसणार नाही. दिंडोरी रोडला म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ चं, त्याची मेडिकल डेंटल आयुर्वेद होमिओपॅथी नर्सिंगची कॉलेजं महाराष्ट्रभर, म्हसरूळला मुख्यतः परीक्षा, संलग्नता, पात्रता असली कामं चालतात, म्हणजे तिथे विद्यार्थ्यांपेक्षा फायली जास्त. तुमची डिग्री ज्या विद्यापीठाची ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, त्याचं मुख्यालय पुण्यात आणि इथे उपकेंद्र. आणि त्र्यंबक रोडला खाजगी युनिव्हर्सिटी आहे, तिची भरती ती स्वतःच्या पद्धतीने करते, तिथे सरकारी भरतीचे सगळे नियम शोधत बसू नका.

हे एवढं भूगोलासारखं का सांगितलं, तर दरवर्षी कोणीतरी मुलगी सिटीलिंकच्या बसने म्हसरूळला जाते आणि गेटवर विचारते की स्टुडंट जॉब कुठे मिळतो, आणि वॉचमनला काय सांगावं ते कळत नाही. विद्यापीठाच्या मुख्यालयात स्टाफच्या जागा असतात. विद्यार्थ्यांचं काम तुमच्या कॉलेजात असतं. तुमच्यासाठी ते तुम्ही ज्या वर्गात बसता त्याच बिल्डिंगमध्ये आहे.

त्याचं नाव "कमवा आणि शिका". मूळ कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची, १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून पोरांनी राबून शिकायचं हे त्यांनी रुजवलं, आणि पुणे विद्यापीठ ही योजना कर्मवीरांच्याच नावाने चालवतं. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एका प्राध्यापकाकडे हे काम दिलेलं असतं, बऱ्याच मुलांना त्यांचं नावही माहीत नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये नोटीस लागते, तीही कुठे तर ऑफिसच्या खिडकीशेजारी जिथे स्कॉलरशिपच्या पंधरा नोटिशींखाली ती झाकली जाते. फॉर्म साधा असतो, उत्पन्नाचा दाखला, आधीच्या वर्षाची मार्कशीट, स्वतःच्या नावाचं बँक खातं. रेग्युलर विद्यार्थी पाहिजे, बहिस्थ, म्हणजे बाहेरून परीक्षा देणारा, चालत नाही. काम लायब्ररीत, ऑफिसात, लॅबमध्ये किंवा बागेत, दिवसाला जास्तीत जास्त ३ तास, लेक्चर बुडवून नाही. पैसे तासावर. दर अधूनमधून बदलतो म्हणून तो अधिकाऱ्यालाच विचारा, आणि हेही विचारा की गेल्या वर्षी पैसे कधी जमा झाले, कारण बिल विद्यापीठाकडे जातं, मंजूर होतं, मग येतं, आणि त्या महिन्याची मेस त्या महिन्याच्या पैशातून भरायचा हिशोब कोणी केला असेल तर तो हमखास कोलमडतो.

आता पैशाच्या पलीकडचं. एका वर्षी आमच्याकडे रेकॉर्ड रूममध्ये सुरगाण्याकडचा एक मुलगा दिला होता. जुन्या फायलींचे गठ्ठे सोडायचे, अ ब क ड वर्गवारी लावायची, वरच्या पुठ्ठ्यावर विषय आणि वर्ष लिहायचं, लाल फडक्यात परत बांधायचं. पहिल्या आठवड्यात तो धुळीने शिंकून शिंकून बेजार. तीन महिन्यांनी त्याला टिपणी कशी लिहितात, जावक क्रमांक कुठे पडतो, कोणती सही कोणाच्या आधी होते, हे आमच्या नवीन लागलेल्या क्लार्कपेक्षा जास्त समजायला लागलं. पुढे तो एका परीक्षेत कार्यालयीन पद्धतीवरचे प्रश्न वाचून हसला होता म्हणे. कमवा आणि शिकाचं सर्टिफिकेट नोकरीचा अनुभव म्हणून कुठे धरत नाहीत हे स्पष्ट सांगतो, पण लायब्ररी किंवा ऑफिस मागून घ्या, बाग नका घेऊ. (बागेला कमी लेखत नाही, पण तुम्ही कॉमर्सच्या, तुम्हाला कॅशबुक दिसलं पाहिजे.)

भावाचा प्रश्न वेगळा, त्याचं शिक्षण संपलंय. त्याच्यासाठी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, २०२४ ला आली तेव्हा सगळे "लाडका भाऊ" म्हणत होते. १८ ते ३५ वय, बारावीला ६ हजार, आयटीआय डिप्लोमाला ८, पदवीधराला १० हजार महिना, आधी ६ महिने होती मग ११ झाली. नोंदणी महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर. शिक्षण चालू असलेल्याला चालत नाही म्हणून तुम्ही यात नाही, तो बसतो. नव्या बॅचचं आत्ता काय चाललंय ते पोर्टलवर बघा. पण ही नोकरी नाही, प्रशिक्षण आहे, संपलं की संपलं, आणि "आता आम्हाला कायम करा" म्हणून आंदोलनाला बसलेली पोरं तुम्ही पेपरात बघितली असतील. वाईट वाटतं, पण ऑर्डरमध्ये पहिल्या दिवसापासून प्रशिक्षण हाच शब्द होता.

आणि इथूनच मला जे मुख्य सांगायचंय ते सुरू होतं. युनिव्हर्सिटीतली प्रत्येक जागा बाहेरून सारखीच दिसते, तेच टेबल, तोच कॉम्प्युटर, तेच आयकार्ड गळ्यात. फरक असतो तो जाहिरातीच्या पहिल्या दोन ओळीतल्या एका शब्दात. लोक पगाराचा आकडा आणि शेवटची तारीख वाचतात आणि तो शब्द सोडून देतात.

"मंजूर पद", "वेतनश्रेणी", "वेतनस्तर" असं लिहिलंय तर ती खरी जागा. लिपिक-टंकलेखकाला सातव्या वेतन आयोगात एस-६, म्हणजे १९,९०० पासून ६३,२०० पर्यंत मूळ वेतन, शिपायाला एस-१, १५,००० पासून, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं, नाशिक वाय वर्गातलं शहर असल्याने घरभाडं तालुक्याच्या गावापेक्षा बरं मिळतं. जुनी पेन्शन नाही, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना नवीन योजना, हे लक्षात ठेवूनच हिशोब करा. सहायक प्राध्यापकाला लेव्हल १०, सुरुवात ५७,७०० मूळ.

"एकत्रित मानधन", "११ महिन्यांच्या कालावधीसाठी", "निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात" असं असेल तर कंत्राटी. ११ महिने झाले की एक-दोन दिवस खंड आणि मग नवीन ऑर्डर, आली तर. काही जण असे १२-१५ वर्षं काढतात, त्यांना बढती नाही, वार्षिक वाढ असली तर नावाला. मी म्हणत नाही घेऊ नका, घरी बसण्यापेक्षा घ्याच, पण घेताना दुसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरून मगच जॉईन व्हा.

"बाह्यस्रोताद्वारे" लिहिलंय, किंवा जाहिरातच नाही आणि कोणीतरी एजन्सीचा माणूस फोन करतोय, तर तुमचा मालक विद्यापीठ नाहीये, एजन्सी आहे. ऑर्डर तिची, पगार तिचा, काढलं तरी तीच काढणार. यात एकच गोष्ट पकडून ठेवायची, पीएफ. माझा पुतण्या एका ऑफिसात (कोणत्या ते राहू द्या) असा आठ महिने डेटा एन्ट्रीला होता, पगारपत्रकात पीएफची १२ टक्के कपात दर महिन्याला दिसायची, पोरगं खूश की बचत होतेय. मी त्याला म्हटलं मोबाईल आण इकडे, उमंग या सरकारी ॲपवर पीएफचं पासबुक काढ. पासबुकात तीन महिन्यांची एन्ट्री, बाकी पाच कोरे. मग त्याने एजन्सीला लेखी अर्ज दिला, ज्या ऑफिसात बसत होता तिथल्या लेखा विभागाला प्रत दिली, आणि पुढचं बिल अडल्यावर पैसे भरले गेले. मूळ मालकाची, म्हणजे ज्याच्याकडे काम करता त्याचीही यात जबाबदारी असते, म्हणून प्रत तिथे द्यायचीच. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, पहिल्या महिन्यातच मागा, आणि पगार २१ हजाराच्या आत असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही मागा.

आणि चौथा शब्द "तासिका तत्त्वावर", ज्याला सगळे सीएचबी म्हणतात. एम.कॉम. नंतर तुमच्यासमोर हाच पहिला येणार. जून-जुलैत कॉलेजांच्या जाहिराती येतात, अमुक विषय, इतक्या जागा, अमुक तारखेला मूळ कागदपत्रांसह मुलाखतीला हजर. घेतलेल्या तासाचे पैसे, दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत, मे महिन्याचे नाहीत. बिलं उशिरा निघतात हे तर आता विनोदाचा विषय झालाय. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या कॉलेजांमधून तुम्हाला असे सर-मॅडम भेटतील जे सकाळी एका ठिकाणी दोन तास, दुपारी दुसऱ्या ठिकाणी दोन तास आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवतात, नावापुढे पीएच.डी., पायाखाली स्कूटर. शिकवायची खरी आवड असेल तर दोन वर्षं करा, त्याच्या पुढे का करताय हा प्रश्न स्वतःला विचारा.

शिकवण्याकडेच जायचं असेल तर आज काय करायचं ते सांगतो. १ जुलै २०२३ पासून यूजीसीने सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट (देशपातळीची आणि राज्यपातळीची पात्रता परीक्षा) ही किमान अट ठेवलीये, पीएच.डी. असली पाहिजे असं नाही. मास्टर्सला ५५ टक्के पाहिजेत, मागासवर्गीयांना आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट, आणि ५४.८ म्हणजे ५५ होत नाहीत, कोणी कितीही सांगो. तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात म्हणजे आत्ताच नेटला बसू शकता, निकाल लागायची वाट बघायची गरज नाही, पास झालात तर ठरलेल्या मुदतीत मास्टर्स पूर्ण केलं की झालं. नेट वर्षातून दोनदा, सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि ती मराठीतूनही देता येते. दोन पेपर, पहिला ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा १०० प्रश्न २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, मग एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. नेटमधूनच मिळणारी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिना ३७ हजार, त्यावर पीएच.डी. निवांत होते. कॉमर्सची पोरं पहिल्या पेपरला हलकं घेतात आणि तिथेच मार खातात.

भावासाठी दोन दरवाजे. एक प्रयोगशाळा सहायक किंवा परिचर, बी.एस्सी.ला कॉलेजात ते जमतं, पण अनुदानित कॉलेजात ही पदं भरायला शासनाची परवानगी लागते म्हणून वर्षानुवर्षं रिकामी दिसतात, त्यावर अवलंबून राहू नका. दुसरा लिपिक-टंकलेखक. त्यासाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० ही टायपिंगची सरकारी परीक्षा, परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी, आणि एमएस-सीआयटी. काही जाहिरातींना एकच भाषा चालते, काहींना दोन्ही लागतात, म्हणून दोन्ही काढून ठेवायच्या. वर्ष झालं घरी बसलाय म्हणालात ना, त्या वर्षात हे दोन्ही होऊन गेलं असतं. रागवत नाहीये, माझ्या स्वतःच्या मुलाला पण मी हेच बोललोय.

आता जाहिरात. पेपरात येते ती चार बोटांची, फक्त "अमुक पदांसाठी अर्ज मागविण्यात येत आहेत, तपशील संकेतस्थळावर". खरी जाहिरात वेबसाईटवर, पंधरा वीस पानांची, आणि ती शेवटपर्यंत वाचायची. शुद्धिपत्रक तर बऱ्याचदा फक्त साईटवरच पडतं, तारीख वाढली, पात्रता बदलली, जागा कमी झाली, सगळं तिथे. व्हॉट्सॲपवर जे "मेगा भरती, १० वी पास, थेट मुलाखत" फिरतं ते उघडायच्या आधी पत्ता बघा, विद्यापीठाची साईट सहसा डॉट एसी डॉट इन ने संपते, आणि फी विद्यापीठाच्या पेमेंट पेजवरून जाते, कोणाच्या मोबाईल नंबरच्या यूपीआयवर नाही. "रजिस्ट्रेशन फी ४९९ पाठवा" आलं की समजून जा.

आणि जाहिरातीत जागांचा तक्ता असतो ना, त्यात "इमाव महिला १, खुला १, अज ०" (इमाव म्हणजे ओबीसी, अज म्हणजे अनुसूचित जमाती) असं विचित्र वाटप दिसतं, त्यावर लोक चिडतात की ठरवून केलंय. ते बिंदुनामावलीवरून येतं. कोणत्या क्रमांकाची जागा कोणत्या प्रवर्गाची हे रजिस्टर आधी ठरलेलं असतं आणि ते नाशिकरोडला विभागीय आयुक्त कार्यालयात मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणावं लागतं. मी ते रजिस्टर बगलेत मारून किती वेळा नाशिकरोडला गेलोय विचारू नका, एका बिंदूची शाई खोडलेली दिसली म्हणून परत पाठवलंय. जाहिरात निघायला वर्ष लागतं त्यातलं निम्मं वर्ष तिथे, मग मध्ये आचारसंहिता, मग कोणीतरी कोर्टात जातं.

बरं, आता तुमचा खरा प्रश्न. वशिला.

मी छाननीच्या टेबलावरून सांगतो. मीटिंग हॉलमधलं लांब टेबल, एका बाजूला अर्जांचे गठ्ठे, मध्ये दोन क्लार्क, एक वाचणारा एक लिहिणारा, समोर मोठा तक्ता. अनुक्रमांक, नाव, प्रवर्ग, जन्मतारीख, वय शेवटच्या तारखेला किती वर्ष किती महिने, शिक्षण, टक्के, टायपिंग, संगणक, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, अनुभव, आणि शेवटी शेरा. वाचणारा म्हणतो "टायपिंग मराठी आहे, इंग्रजी नाही", लिहिणारा रेघ मारतो. एका अर्जाला दोन मिनिटं मिळाली तर खूप. त्या दोन मिनिटांत तुमचं नाव गाव कोणी बघत नाही, कागद आहे की नाही एवढंच बघतात. आणि माझा अनुभव असा की शंभर अर्जातले जे पडतात ते बहुतेक इथेच पडतात, आणि घरी जाऊन सांगतात की वशिला नव्हता.

कशाने पडतात? सगळ्यात जास्त नॉन क्रिमीलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला. ते ३१ मार्चला संपतं. जाहिरात मे मध्ये येते, मुलगा फाईल काढतो, फाईलमध्ये सर्टिफिकेट आहे म्हणून खूश होऊन जोडतो, आणि ते दीड महिन्यापूर्वी संपलेलं असतं. नवीन काढायला सेतूत गेला की आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा म्हणतात, आणि शेवटची तारीख निघून जाते. म्हणून मार्चच्या शेवटी जाहिरात असो नसो, नवीन काढायला टाकायचं. लग्न झालेल्या मुलींचा अजून एक घोळ, त्या नवऱ्याच्या उत्पन्नावर काढून आणतात, ते आईवडिलांच्या बाजूने लागतं. आणि खुल्या प्रवर्गातल्या महिलांना महिला आरक्षणासाठी ही अट २०२३ च्या मे महिन्यात काढून टाकलीये, तरी अजून कितीतरी जणी घाबरून महिला कॉलमवर टिकच करत नाहीत, आणि ३० टक्क्यातला हक्क हाताने सोडतात.

मग नाव. डिग्रीवर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडलं की प्रश्न मिटतो, नाही जोडलं तर वाचणारा थांबतो आणि थांबला की शेरा पडतो. मग सीजीपीए, टक्क्यात रूपांतराचं पत्र नाही. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र विसरलं. शेवटच्या तारखेनंतर लागलेला निकाल. आणि अनुभव प्रमाणपत्र. एक मुलगी आठवते, ग्रंथालयातलं काम चांगलं होतं तिचं, कागदावरून दिसत होतं, पण प्रमाणपत्रावर लिहिलेलं "सुमारे तीन वर्षे कार्यरत होत्या". तारखा नाहीत, पद नाही, पगार नाही, जावक क्रमांक नाही. जाहिरातीत किमान ३ वर्षं. "सुमारे" या शब्दाचं आम्ही काय करणार? मी साहेबांना म्हटलं हिला विचारून घेऊ का, ते म्हणाले एकीला विचारलं तर सगळ्यांना विचारावं लागेल. बरोबरच होतं त्यांचं. अपात्र. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या मुख्याध्यापकाने एक ओळ नीट लिहिली असती तर!

मी स्वतःही यातून सुटलो नाही बरं का. १९९८ च्या सुमाराला दुसऱ्या एका संस्थेत वरची जागा निघाली, मी पात्र होतो, आणि नोकरीत असल्यामुळे अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या ऑफिसमार्फत पाठवायचा होता. दिला. तो माझ्याच वरिष्ठांच्या ट्रेमध्ये नऊ दिवस पडून राहिला, शेवटची तारीख गेली, मग शिफारशीसह अग्रेषित झाला. मुद्दाम की आळस ते आजही मला माहीत नाही. तेव्हापासून नोकरीत असलेल्या प्रत्येकाला सांगतो, एक आगाऊ प्रत थेट पाठवायची, वर ठळक लिहायचं "आगाऊ प्रत, मूळ अर्ज योग्य मार्गाने येत आहे", आणि तिची पोच फाईलला लावायची.

पण वशिला नाहीच असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायला मला पेन्शन मिळत नाही. दोन-तीन महिन्यांच्या तात्पुरत्या कामांना ओळखीचा माणूस आधी कळवतो आणि ओळखीचाच माणूस लागतो, हे उघड आहे. मुलाखतीवर ठरणाऱ्या जागांमध्ये काय काय होतं त्यावर राज्यात वर्षानुवर्षं बोललं जातंय. लेखी परीक्षा असलेल्या लिपिकाच्या जागांना मात्र ते कमी चालतं, म्हणून भावाला तिकडे ढकला.

आणि सेटिंगवाल्यांचं गणित सांगतो, ते एकदा समजलं की तुम्ही कधी फसणार नाही. परीक्षा केंद्राबाहेर चहाच्या टपरीवर एक पांढरा शर्टवाला असतो, म्हणतो वर बोलणं झालंय, काम झालं तरच पैसे, नाहीतर परत. आईबाप म्हणतात किती प्रामाणिक. तो वीस जणांकडून घेतो. वर कोणाशी काही बोलत नाही, कोणी ओळखतही नाही त्याला. वीसातले दोन-तीन स्वतःच्या अभ्यासाने लागतात, त्यांचे पैसे तो ठेवतो, उरलेल्यांना "यावेळी नाही जमलं" म्हणून परत देतो, आणि त्यांच्यात त्याचं नाव अजून मोठं होतं. जे लागले ते आयुष्यभर समजतात की पैशाने लागलो. निफाडकडच्या एका बागायतदाराने मला हे अभिमानाने सांगितलं होतं, पोराला पैसे देऊन लावलं म्हणून. त्या पोराचा पेपर मी बघितला होता, यादीत दुसरा होता तो. मी काही बोललो नाही, द्राक्षाची पेटी घेऊन आला होता बिचारा.

तर या आठवड्यात तुम्ही विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना शोधा, नेटचा फॉर्म कधी आहे बघा. भावाला टायपिंगला घाला. आणि दोघांची एकेक फाईल करा, मूळ कागद वेगळे, झेरॉक्सचे चार सेट वेगळे, प्रत्येक सर्टिफिकेटची मुदत कधी संपते ते पहिल्या पानावर पेन्सिलने.

हार्डकॉपी मागितली असेल तर ती तारखेच्या आत पोचली पाहिजे, पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत. नाशिकमधल्याच ठिकाणी असेल तर पोस्टाच्या नादी लागू नका, स्वतः जा, पाकिटावर पदाचं नाव आणि जाहिरात क्रमांक लिहा, आवक-जावकच्या खिडकीवर द्या आणि झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या. शेवटच्या दिवशी पाचला तिथे रांग असते आणि शिक्क्याची तारीख फिरवायचं चाकही नेमकं तेव्हाच अडकतं, म्हणून दोन दिवस आधी, साडेअकराच्या सुमाराला. साहेब तेव्हा मीटिंगला गेलेले असतात आणि खिडकीवरच्या बाई निवांत असतात, पोचवर आवक क्रमांकही घालून देतात.